जुन्या पुश-टू-टॉक फोनची कळ पुन्हा चालू करता येईल का?

कसब्यातला_कार्यकर्ता

नमस्कार मंडळी. विषय जरा जुनाट आहे, परंतु येथे दूरसंचार क्षेत्रातले जाणकार आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे मंडळ लहान आहे. विसर्जन मिरवणुकीत सर्वांत पुढे दोरी धरणारी मुले, मग ढोल-ताशा पथक, मग रथ आणि शेवटी जनरेटरची गाडी अशी आमची रांग असते. बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याला वळताना पुढच्यांना थांबवले गेले, तर ते जनरेटरवाल्याला कळवण्यासाठी आजही माणूस पळवावा लागतो. फोन करावा तर एकाशी बोलेपर्यंत दुसरा राहून जातो, आणि ढोलांच्या ठोक्यात रिंग तर कोणालाच ऐकू येत नाही. म्हणून एक कळ दाबून बोलले की चार-पाच प्रमुख कार्यकर्त्यांना एकदम ऐकू जावे, एवढीच सोय मला हवी आहे.

जुन्या बाजारात मला नोकिया ५१४० चे दोन संच स्वस्तात मिळाले. बाजूला बोलण्याची वेगळी कळ आहे आणि मेनूत ‘पुश टू टॉक’ असा स्वतंत्र भाग आहे. सिम घातल्यावर साधे कॉल व्यवस्थित लागतात. मात्र पुश टू टॉक चालू करायला गेले, की फोन सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि अ‍ॅक्सेस पॉइंट मागतो. तिथे काय भरायचे हे सिम कंपनीच्या दुकानातल्या मुलाला विचारले, तर त्याने आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

याशिवाय अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाने मोटोरोला आय३५५ चे दोन संच पाठवले आहेत. हे फोन नेटवर्क नसतानाही एकमेकांशी थेट बोलतात, असे त्याचे म्हणणे आहे. सध्या ते फक्त सिम मागत आहेत. नोकियातल्या त्या रकान्यांत काय भरावे आणि मोटोरोलासाठी कोणते सिम लागेल, हे कोणी सांगू शकेल काय?

---

निवृत्त_दूरसंचार

आपल्या नोकिया संचांत बिघाड नाही आणि आपण काही चुकीचे करत आहात असेही नाही. अडचण अशी आहे, की सर्व्हरच्या पत्त्याच्या रकान्यात भरावा असा पत्ताच आज आपल्याकडे उरलेला नाही.

५१४० वॉकी-टॉकीसारखा वागतो, पण तो वॉकी-टॉकी नाही. एका संचातून निघालेली लहर थेट दुसऱ्या संचापर्यंत जात नाही. दोन्ही संच एकाच टेबलावर ठेवले तरी नाही. मेनूतून पुश टू टॉक चालू केले, की फोन जीपीआरएसवरून, म्हणजे २जीच्या संथ इंटरनेटवरून, सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडला जातो आणि आपली हजेरी लावतो. त्यानंतर कळ दाबली तरी आवाज लगेच निघत नाही. फोन आधी सर्व्हरकडे बोलण्याची पाळी मागतो. गटात दुसरे कोणी बोलत नसेल तर सर्व्हर ती देतो, फोनमधून एक छोटासा सूर वाजतो, आणि त्यानंतर बोललेले शब्द डेटाच्या लहान-लहान पाकिटांतून सर्व्हरकडे जातात. सर्व्हर त्यांच्या प्रती काढून गटातल्या प्रत्येक हजर फोनकडे पाठवतो. त्याच वेळी दुसऱ्याने कळ दाबली तर त्याला नकाराचा सूर ऐकू येतो. एका वेळी एकानेच बोलायचे हा नियम माणसांच्या शिस्तीवर सोडलेला नव्हता, तो सर्व्हरच पाळून घेत असे.

त्या काळी या सेटिंग्ज ग्राहकाने हाताने भरणे अपेक्षितच नसे. सेवा सुरू केली, की कंपनीकडून एक संदेश येई, तो ‘सेव्ह’ केला की सर्व रकाने आपोआप भरले जात, आणि मग फक्त आपले टोपणनाव घालायचे राही. आपल्याकडेही ही सेवा त्या दशकात येऊन गेली, परंतु साधा कॉलच इतका स्वस्त झाला, की कळ दाबून बोलण्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात कोणाला रस राहिला नाही. टपाल कार्यालयच उठून गेल्यावर भिंतीवरची लाल पेटी कितीही चांगली रंगवली तरी पत्र पुढे जात नाही, तशी या कळेची आजची अवस्था आहे.

‘मग स्वतःच एखादा सर्व्हर उभारला तर?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. या सेवेचा सर्वमान्य ठरावा असा तपशील, म्हणजे ओपन मोबाइल अलायन्स या मोबाइल क्षेत्रातल्या मानके ठरवणाऱ्या संघटनेची पहिली आवृत्ती, २००६ मध्ये आली. ५१४० बाजारात आला तो २००४ मध्ये. त्यामुळे नंतरच्या मानकाप्रमाणे चालणारा सर्व्हर मिळाला, तरी तो या फोनशी बोलेल असे धरून चालू नका. हौसेखातर प्रयोग करायचा असल्यास जरूर करावा; मिरवणूक त्याच्या भरवशावर सोडू नये.

आता फोन घेतलेच आहेत, तर काही गोष्टी तपासून घ्या. जुन्या बाजारातला फोन म्हटल्यावर पहिली तपासणी आयएमईआयची, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची. *#०६# दाबल्यावर पडद्यावर येणारा क्रमांक घेऊन, रोमन अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात फोन काळ्या यादीतला, बनावट क्रमांकाचा किंवा आधीच वापरात असलेला दिसला, तर तो वापरू नका. खरे तर ही तपासणी पैसे देण्यापूर्वी, बाजारात उभे राहूनच करायची असते.

दुसरी तपासणी बॅटरीची. यात बीएल-५बी बॅटरी बसते. ती काढून सपाट फरशीवर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी गरगरली, तर ती फुगलेली आहे. तिला चार्जिंगला लावू नका. तिसरी गोष्ट सिमची. या फोनची खाच जुन्या मोठ्या सिमची आहे. नॅनो सिम प्लास्टिकच्या चौकटीत बसवून घातले, की बाहेर काढताना चौकट आतल्या पितळी पात्यांत अडकते आणि पाती वाकतात, म्हणून चौकटीच्या मागे पातळ चिकटपट्टी लावून सिम तिच्यात पक्के करावे, किंवा सरळ तिन्ही आकारांत तुटणारे नवे सिम मागून घ्यावे. जिओचे सिम यात चालणार नाही, कारण हा फोन फक्त २जी जाणतो आणि जिओकडे २जी नाही. मेनूत आधीच्या मालकाची भर असेल तर फॅक्टरी सेटिंग्जवर न्या. सुरक्षा संकेतांक विचारला आणि कोणी बदललेला नसेल, तर तो १२३४५ असतो.

रबरी कडांचे कवच पाहून पावसात निर्धास्त राहू नका. नवा असताना हा फोन धूळ आणि शिंतोडे सोसण्यासाठीच केलेला होता, पण इतक्या वर्षांनी रबर कडक होते आणि गणपतीतला पुण्याचा पाऊस सांगून येत नाही. विजेरी मात्र आजही उपयोगी पडेल. त्यात तापमापकही आहे. खिशातून काढून लगेच पाहिला, तर तो हवेचे तापमान न सांगता आपल्या अंगाची ऊब सांगतो.

---

तरंगलांबी

वरील उत्तराशी सहमत आहे. मोटोरोलाविषयी मात्र स्वतंत्रपणे आणि जरा कडक शब्दांत लिहिणे आवश्यक वाटते: ते संच येथे थेट बोलण्यासाठी चालू करू नका.

आय३५५ हा आयडेन नावाच्या मोटोरोलाच्या स्वतंत्र तंत्रावर चालणारा फोन आहे. तो जीएसएमचा, म्हणजे आपल्याकडच्या २जी जाळ्यांच्या तंत्राचा, फोन नाही, त्यामुळे दिसायला सारखे असले तरी आपले कोणतेही सिम घालून त्याला येथे नेटवर्क मिळणार नाही. अमेरिकेत नेक्स्टेल या कंपनीने हे तंत्र बांधकामवाले, मालवाहतूकदार, रुग्णवाहिका अशा लोकांत लोकप्रिय केले. पुढे २००५ मध्ये ती कंपनी स्प्रिंटमध्ये विलीन झाली आणि ३० जून २०१३ रोजी स्प्रिंटने ते जाळे बंद केले. म्हणजे नेटवर्कवरची त्याची कळ अमेरिकेतही आता निरुपयोगी आहे.

आपले बंधू म्हणतात ती गोष्ट मात्र खरी आहे. या मालिकेतल्या काही संचांत ‘डायरेक्ट टॉक’ नावाची सोय आहे. तीत मनोरा किंवा सर्व्हर लागत नाही आणि फोन थेट फोनशी बोलतो. त्यासाठीही खाचेत आयडेनचे सिम असावे लागते, चालू सेवा नसलेले जुने सिम असले तरी भागते. आपला फोन सिम मागतो आहे तो त्यामुळेच. त्यानंतर दोन्ही संचांवर वाहिनी आणि संकेतांक सारखे ठेवले की बोलणे सुरू होते. अमेरिकेत हौशी लोक, डोंगरात भटकणारे लोक हे संच आजही अशा रीतीने वापरतात, आणि तेथे त्यात काही गैर नाही.

अडचण लहरींच्या पट्ट्याची आहे. डायरेक्ट टॉक ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते आणि त्यात सतत एका वारंवारतेवरून दुसरीवर उड्या मारत राहते. अमेरिका खंडात हा पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा ठेवलेला आहे. आपल्याकडे मात्र ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा भाग मोबाइल फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशांसाठी दिलेला आहे. म्हणजे ९०२ पासून ९१५ पर्यंत आपला संच ज्या लहरी सोडेल, त्या नेमक्या मनोऱ्याच्या कानाशी जाऊन पडतील. विसर्जनाच्या रात्री अलका टॉकीजच्या चौकात आधीच फोन लागत नाहीत. त्यात ही भर नको. तेथे कोणाला रुग्णवाहिका बोलवायची असू शकते.

शिवाय परवान्याशिवाय बिनतारी संच बाळगणे हे १९३३ च्या कायद्यापासून आपल्याकडे गुन्ह्यात मोडते, सवलत दिलेली उपकरणे तेवढी सोडून. ‘दोनच तर संच आहेत, कोणाला कळणार’ हा युक्तिवाद बंदोबस्ताच्या रात्री करू नये.

आता सवलत कशाला आहे ते सांगतो, कारण आपल्या कामाला खरे उपयोगी तेच आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे हातातले संच विनापरवाना वापरता येतात. अट अशी, की त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेची ईटीए ही मान्यता असली पाहिजे. ऑनलाइन दुकानांत ‘लायसन्स फ्री’ असे ठसठशीत लिहिलेले, परंतु प्रत्यक्षात भलत्याच पट्ट्यांवर बोलणारे संच इतके विकले जाऊ लागले, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणून विकत घेताना मान्यतेचा क्रमांक आणि वारंवारतेचा पट्टा लेखी मागा. कोणतीही वारंवारता हाताने घालता येते असा संच विक्रेता कौतुकाने दाखवू लागला, तर तो या सवलतीत बसत नाही असे समजा.

पेठेतल्या उंच इमारतींत आणि वळणांत असे संच दोन-चार चौकांपलीकडे नीट ऐकू येणार नाहीत. पण आपल्याला दोरीपासून जनरेटरपर्यंतच बोलायचे आहे. त्या अंतराला ते पुरतात, आणि मोबाइलचे जाळे कोलमडले तरी त्यांना फरक पडत नाही.

---

गडवाट_कोथरूड

आमच्या भटक्यांच्या गटात आणि सोसायटीच्या उत्सवात आम्ही जुने अँड्रॉइड फोन या कामासाठी वापरतो, त्याविषयी लिहितो. बाजूला वेगळी कळ असलेले दणकट अँड्रॉइड फोनही जुन्यात मिळतात, पण ते नसले तरी अडत नाही.

झेलो नावाचे अ‍ॅप वर वर्णन केलेलेच काम इंटरनेटवरून करते. एकाने खाजगी वाहिनी तयार करून तिला पासवर्ड ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्या वाहिनीत यायचे, इतकी साधी मांडणी आहे. वाहिनी खुली ठेवली, तर अनोळखी मंडळी येऊन गाणी लावतात. अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये पुश-टू-टॉकच्या कळा असा भाग असतो. तेथे नवी कळ जोडा म्हणून सांगितले, की फोनची बाजूची किंवा आवाज कमी-जास्त करण्याची कळ बोलण्यासाठी नेमता येते. इअरफोनच्या तारेवरचे बटण नेमत असाल, तर ते ‘एकदा दाबले की सुरू, पुन्हा दाबले की बंद’ अशा पद्धतीवर ठेवा, कारण ते बटण दाबून धरणे पुष्कळ फोनांना समजत नाही.

खरा त्रास बॅटरी वाचवण्याच्या सोयीचा असतो. पडदा बंद झाल्यावर थोड्या वेळाने फोन अ‍ॅपला झोपवतो, आणि आपला माणूस वाहिनीत दिसत असूनही त्याला काहीच ऐकू येत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन या अ‍ॅपसाठी बॅटरीचे निर्बंध काढा, पार्श्वभूमीत डेटा वापरण्याची मुभा द्या, आणि मग फोन खिशात घालून अर्ध्या तासाने कोणालातरी बोलायला सांगा. ही चाचणी मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात व्हावी, त्या दिवशी सकाळी नव्हे.

बोलण्याची पद्धतही आधी बसवून घ्यावी लागते. नवा माणूस कळ दाबतो आणि त्याच क्षणी बोलू लागतो, त्यामुळे पहिला शब्द कापला जातो. आणि ‘थांबवू नका’ व ‘थांबवा’ यांतला गोंधळ पथक पुढे गेल्यावर कळतो. कळ दाबा, सूर ऐका, मग आधी ज्याला सांगायचे त्याचे काम उच्चारा, मग आपले: ‘जनरेटर, दोरीकडून बोलतोय. पुढे थांबलंय. जागेवर राहा.’ ज्याला सांगितले त्याने तेच शब्द परत म्हणून दाखवायचे. नकारार्थी आज्ञा आम्ही बंदच केल्या आहेत. ‘जाऊ नका’ ऐवजी ‘जागेवर राहा’, एवढ्या बदलाने पुष्कळ घोटाळे टळतात. ढोलांच्या शेजारी उभ्या असलेल्याने माइक ओठांपासून चार बोटांवर, किंचित बाजूला धरावा आणि ओरडू नये. ओरडल्याने आवाज फाटतो आणि शब्द हरवतात. ऐकण्यासाठी एका कानात इअरफोन हवाच, फोनचा स्पीकर पथकापुढे काहीही करू शकत नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. गर्दीने डेटा मंदावला, की आवाज तुटक येतो किंवा बराच उशिरा येतो. झेलोत मागचे बोलणे पुन्हा ऐकता येते, पण ‘थांबा’ हा निरोप उशिरा ऐकून उपयोग नाही. म्हणून चौक ओलांडण्यासाठी तरंगलांबी यांनी सांगितलेले ४४६ चे संच घ्यावेत आणि अ‍ॅप मंडपातल्या, घरी असलेल्या किंवा गाडीची व्यवस्था पाहणाऱ्या लांबच्या मंडळींसाठी ठेवावे, असे माझे मत आहे.

---

कसब्यातला_कार्यकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. मोटोरोलाच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत आणि मावसभावाला तसे कळवले आहे. मान्यता असलेल्या संचांची चौकशी सुरू करतो.

एक शंका राहिली. आमचे दोन ज्येष्ठ कार्यकर्ते टचस्क्रीन फोनला हात लावत नाहीत, पण नोकिया त्यांना पाहताक्षणी आवडला. ५१४० वरून झेलोच्या वाहिनीत येण्याचा काही मार्ग आहे का? नसल्यास त्यांना एकाच वेळी सगळ्यांशी जोडण्यासाठी दुसरे काय करता येईल?

---

निवृत्त_दूरसंचार

झेलो त्या फोनवर चालणार नाही. परंतु आपल्याला हवे ते काम त्या फोनमधली एक साधी सोय बऱ्याच अंशी करते, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. ती म्हणजे कॉन्फरन्स कॉल. जीएसएममध्ये कॉल लावणारा एकाच वेळी आणखी ५ जणांना जोडून घेऊ शकतो, म्हणजे त्याच्यासह ६ जण. पहिला कॉल लागला, की ऑप्शन्समधून नवा कॉल करा, दुसऱ्याने उचलला की ऑप्शन्समधूनच कॉन्फरन्स निवडा, आणि असेच पुढच्यांना जोडत जा. सिमवर ही सोय सुरू आहे ना, ते आधी कंपनीकडून खात्री करून घ्या.

यात पाळी देणारा सर्व्हर नाही. सगळ्यांचे माइक सतत उघडे असतात, त्यामुळे पथकाजवळच्या एका फोनमधून ढोल शिरला, की तो सगळ्यांच्या कानांत शिरतो. त्यावर उपाय म्हणजे बोलत नसताना प्रत्येकाने आपला माइक म्यूट करणे. ५१४० मध्ये चालू कॉलच्या ऑप्शन्समध्ये ती सोय आहे. ज्येष्ठांना तेवढे एकच शिकवा. कॉल तासन्‌तास चालू ठेवू नका, बॅटरी टिकणार नाही. त्या दोघांना मंडप आणि घाट अशा तुलनेने शांत जागी नेमलेत, तर कॉन्फरन्स मोजक्या वेळांनाच लागेल, आणि बाकी वेळ साधा कॉल पुरे होईल. कॉल लावण्याचे काम मात्र त्यांच्याकडे न देता मंडपातल्या एकाकडेच ठेवा. दोघांनी एकाच वेळी सगळ्यांना जोडायला घेतले, की सगळ्यांचेच फोन व्यग्र लागतात.